खालच्या नळीचं रिव्हॉल्व्हर

पिकेट क्रीकमध्ये रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर परवानगी दोघांची लागायची: घरात बायकोची आणि हॅडली पोगच्या दुकानात व्हर्लिन स्ट्राउडची. त्यातल्या त्यात बायका लवकर मानायच्या.

व्हर्लिनचा सगळा जन्म शाळेची पिवळी बस चालवण्यात गेला. गावातल्या निम्म्या कर्त्या माणसांना लहानपणी कधी ना कधी त्यानं मागच्या सीटवरून उठवून पुढे आणून बसवलेलं. त्यामुळे ती माणसं आज बँकेत साहेब असोत की चर्चमध्ये पाद्री, व्हर्लिन बोलायला लागला की आपोआप सरळ होऊन बसत. निवृत्त झाल्यावर बस हातातून गेली, तोंड मात्र जागेवर राहिलं. टायर कोणते घ्यावेत, प्रार्थनेनंतरचं प्रवचन किती लांबवावं, डुकराची तंगडी किती दिवस धुरावर टांगावी, सगळ्यावर त्याचं मत तयार. मक्याच्या पावात साखर घालणाऱ्या बाईकडे तर तो असा बघायचा, की तिनं विहिरीत काहीतरी टाकलंय.

पण रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. तिथं त्याचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल. वडिलांकडून आलेलं, निळसर पोलादाचं आणि अक्रोडाच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर तो रोज पुसायचा, आणि पुसताना त्याच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलतो, असं खुद्द बायकोच सांगायची.

हॅडलीचं दुकान गावाच्या टोकाला. डावीकडे बंदुका, उजवीकडे गळाला लावायच्या गांडुळांचा फ्रिज, आणि मध्ये कॉफीचं भांडं. कॉफी अशी, की गांडुळांनीसुद्धा नको म्हणावं. तरी रोज सकाळी चार-पाच म्हातारे तिथल्या उंच स्टुलांवर येऊन बसत. घेत काही नसत. हॅडली म्हणायचा, "तुम्ही माझी गिऱ्हाइकं नाही रे, तुम्ही माझं फर्निचर आहात."

ऑगस्टच्या एका सकाळी हॅडलीनं काउंटरवर खोका ठेवला, झाकण उघडलं, आणि फर्निचर उठून उभं राहिलं.

कुठलंही रिव्हॉल्व्हर बघा, गोळ्यांच्या चक्रातलं सगळ्यात वरचं भोक आणि नळी एका रेषेत असतात. गोळी वरून सुटते. दीडशे-दोनशे वर्षं जगानं त्यावर कधी तक्रार केली नाही. आणि या पठ्ठ्यानं नळी लावली होती सगळ्यात खाली! गोळी सुटणार चक्राच्या तळातल्या भोकातून. वर उरलेल्या जागेत नुसता जाडजूड, चपटा लोखंडी ठोकळा.

सगळे आधी वाकून बघत राहिले. मग रॉइस टॅकेटनं तोंड उघडलं. रॉइस म्हणजे व्हर्लिनचा शाळेपासूनचा मित्र, आणि शाळेपासूनच त्याच्या वाईटावर टपलेला. बायको वारल्यापासून तर त्याला दुसरं कामच नव्हतं.

"हे कुणीतरी झोपेत जोडलंय," रॉइस म्हणाला.

"माझ्या सुनेचं केस वाळवायचं यंत्र अस्संच आहे," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "तेसुद्धा जरा बरं दिसतं."

"हॅडली, यात गोळ्या भरायच्या की सिमेंट?"

हॅडली बिचारा समजावत होता. नळी खाली म्हणजे हाताच्या रेषेत. धक्का मनगटाला वर उचकटत नाही, सरळ तळहातात येतो. कुणी ऐकेल तर शपथ! सगळ्यांचे डोळे व्हर्लिनकडे.

व्हर्लिन स्टुलावरून उतरला. हात पाठीमागे बांधले. गुरांच्या बाजारात आजारी बैल बघतात तसा खोक्याभोवती एक फेरा मारला. उचलणं सोडाच, बोटसुद्धा लावलं नाही.

"हॅडली," तो म्हणाला, "तुझं नाक तोंडाच्या खाली असतं, तर तुझ्या आईनं तुला शाळेत पाठवलं असतं का?"

दुकान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

"अरे, एकदा मागच्या नेमबाजीच्या रेंजवर नेऊन मारून तर बघ..."

"मारून? मी याला हातसुद्धा लावायचा नाही. हा माझा शब्द. व्हर्लिन स्ट्राउडच्या हातात हे दिसलं, तर समजा व्हर्लिन गेला आणि त्याच्या जागी दुसराच कोणी आला."

झालं. निकाल लागला. त्या दिवसापासून ते रिव्हॉल्व्हर काचेखाली पडून राहिलं. येणारा-जाणारा बघायचा, हसायचा, आणि गांडुळं घेऊन जायचा.

आता व्हर्लिनच्या बायकोचं सांगायला हवं, नाहीतर यातली गंमत कळायची नाही.

आर्डिस आणि व्हर्लिनची ओळखच मुळी नेमबाजीवरून झाली. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी टर्की पक्षी जिंकायची स्पर्धा होती. आर्डिस मामाचं रिव्हॉल्व्हर घेऊन उभी होती, आणि मागून कुणीतरी तरुण न विचारता सांगत होता, "बाई, कोपर जरा वर. बाई, पाय जरा लांब." बाईंनी कोपर जिथं होतं तिथंच ठेवलं आणि टर्की जिंकली. मागचा तरुण तिसरा आला. ती टर्की पुढे त्यानंच खाल्ली, कारण आर्डिसनं त्याला जेवायला बोलावलं. तेव्हापासून तो तिच्या हातचं खातोय आणि तिचं कोपर वर करायला सांगतोय.

दर ऑक्टोबरात गावच्या नेमबाजी क्लबची जोडीची स्पर्धा असते. नवऱ्यानं लोखंडी थाळ्या पाडायच्या, मग रिव्हॉल्व्हर रिकामं करून पिंपावर ठेवायचं. बायकोनं ते उचलायचं, भरायचं आणि आपल्या वाट्याच्या पाडायच्या. दोघांत रिव्हॉल्व्हर एकच. क्लब सुरू झाला तेव्हा घरटी एकच असायचं म्हणून हा नियम पडला. आता एकेका घरात कपाटभर आहेत, पण नियमाला हात लावायची कुणाची छाती नाही. वर्षानुवर्षं आर्डिस आणि व्हर्लिन त्या पिंपाशी उभे राहिले. हरले जास्त, भांडले त्याहून जास्त, आणि इतके खूश दुसरीकडे कुठं दिसले नाहीत.

मग आर्डिसचं मनगट गेलं. आधी सूज, मग ऑपरेशन, मग डॉक्टरांची ताकीद: उसळणारी वस्तू हातात धरायची नाही. दोन वर्षं झाली. स्पर्धेच्या दिवशी ती आता नावं लिहून घ्यायच्या टेबलाशी बसायची आणि पीकनच्या दाण्यांची गोड पाई कापून सगळ्यांना वाढायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "छे, मला नाही आठवण येत. कटकट गेली." हे म्हणताना सुरी जरा जोरात चालायची. आणि व्हर्लिन? तो त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून घरी राहायचा. वर्षात एकच दिवस दुखणारा गुडघा! सगळ्या गावाला कळत होतं. पण या एका बाबतीत गावानं त्याला छेडलं नाही. गाव अगदीच काही वाईट नाही आमचं.

सप्टेंबरात आर्डिस गांडुळं घ्यायला हॅडलीकडे गेली. व्हर्लिन तेव्हा केस कापायला गेला होता. म्हणजे केस चार, गप्पा दोन तास.

"आर्डिसबाई," हॅडली म्हणाला, "तुमच्या नवऱ्यानं माझ्या एका मालाचं वाटोळं केलंय. एकदा तुम्ही तरी बघा."

"मी आता मारत नाही, हॅडली."

"मारू नका. नुसतं धरा."

तिनं धरलं. मग दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "हलकी काडतुसं आहेत का रे?"

पुढचं हॅडलीनं इतक्या जणांना सांगितलंय, की आता ते गावात सगळ्यांना पाठ आहे. पहिली गोळी मारली आणि आर्डिस थांबली. उजव्या हाताकडे बघत राहिली. बराच काळ परगावी राहिलेलं माणूस न सांगता दारात उभं राहावं, तसं. दुसरी मारली. तिसरी. मग हॅडलीनं मोजायचं सोडून दिलं. काडतुसांचा डबा संपला तेव्हा बाईंच्या गालांवर लाली होती, केस विस्कटले होते, आणि गांडुळं गाडीच्या टपावर उन्हात राहून गेली होती.

ही बातमी व्हर्लिनला सगळ्यात शेवटी कळली. सांगितली अर्थातच रॉइसनं, तीही भर दुकानात, कॉफी ओतता ओतता.

"व्हर्लिन, तुझी बायको काय सुंदर मारते रे अजून!"

"कधी? काय मारते?"

"ते नाक खाली असलेलं. रोज दुपारी. तुला सांगितलं नाही का तिनं?" रॉइसनं साखर ढवळली. सावकाश ढवळली. "मी तिला म्हटलं, ऑक्टोबरात नवऱ्याचा गुडघा दुखत असेल तर मी आहे. माझं माणूस तर गेलं. आणि जोडी लग्नाचीच हवी, असं नियमात कुठं लिहिलंय?"

व्हर्लिनची कॉफी तशीच राहिली. गाडी घराकडे वळली ती धूळ उडवत.

आर्डिस ओट्याशी मासे तळत होती.

"तू ते चालवलंस?"

"हो."

"आणि?"

"आणि काय? गांडुळं मेली."

"आर्डिस, मनगट?"

तिनं चिमटा खाली ठेवला आणि हात त्याच्यासमोर फिरवून दाखवला. "नाही दुखलं. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, दुखत नाही तोवर मार." मग परत कढईकडे वळली. "मी स्पर्धेला नाव घालणार आहे, व्हर्लिन. कशानं मारणार ते तुला माहीत आहे. आणि दोघांत एकच असतं, तेही माहीत आहे."

"मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"ठाऊक आहे. तुझा शब्द तू सांभाळ. मी म्हणत नाही मोड म्हणून. रॉइस आहेच."

"तो रॉइस चाप ओढताना डोळे मिटतो!"

"पण उभा तर राहतो," आर्डिस म्हणाली, आणि मासा उलटला.

त्या रात्री व्हर्लिननं वडिलांचं रिव्हॉल्व्हर पुसायला घेतलं. पण त्या दिवशी त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो हॅडलीकडे गेला ते मुद्दाम भरदुपारी, कुणी नसेल म्हणून. सगळे होते. कुणी कुणाला फोन केले होते देव जाणे, पण रॉइसला तर बसायला स्टूलसुद्धा उरलं नव्हतं.

"बोला," हॅडली म्हणाला.

"ते दे."

"काय ते?"

"ते. काचेखालचं."

हॅडलीनं काचेखालून मासे धरायची चमकी काढली. "ही?"

"हॅडली, अंत बघू नकोस."

"मग नाव घे की! मी काय मनकवडा आहे?"

व्हर्लिननं टोपी काढली, परत घातली. कान लाल झाले होते. "ते रिव्हॉल्व्हर दे. खालच्या नळीचं. आर्डिससाठी हवंय." मग श्वास घेऊन, जरा मोठ्यानं: "आणि माझ्यासाठी. आम्ही दोघं मारणार आहोत."

हसू फुटायला सगळे तयारच होते. पण कसं कोण जाणे, हसलं कुणीच नाही. रॉइसनं तर पुढे येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मग मला जोडीदारीण कुठली? जाऊ दे, मी घड्याळ लावीन."

हॅडली खोका बांधता बांधता म्हणाला, "एक सांगतो, याच्या घोड्याचं जरा..."

"मला घोड्याचं सांगतोस?" व्हर्लिन लगेच पूर्वपदावर. "तू शाळेत जाताना माझ्या बसमध्ये ओकायचास, तेव्हापासून मी घोडे ओढतोय."

हॅडलीनं तोंड मिटलं. जरा जास्तच घट्ट मिटलं.

घरी आर्डिसनंही सांगून बघितलं, सराव कर म्हणून. "रिव्हॉल्व्हर म्हणजे रिव्हॉल्व्हर," व्हर्लिन म्हणाला. सरावात तिनं एकटीनं डब्यावर डबे संपवले. तो मागे उभा राहून कोपराविषयी बोलायचा.

स्पर्धेच्या दिवशी ऊन लख्ख होतं. शेंगांची मोठी पातेली आली होती, मक्याचे पाव आले होते. नावांच्या टेबलाशी दुसरीच बाई बसली होती आणि पाई वेडीवाकडी कापत होती. आर्डिस तिकडे फिरकलीसुद्धा नाही. कानांवर आवाज अडवायच्या टोप्या चढवून ती पिंपाच्या मागे आपली जागा धरून होती.

"स्ट्राउड आणि स्ट्राउड!" हॅडलीनं पुकारा केला. गाव पुढे सरकलं. ज्यांची पाळी झाली होती तेही शेंगांची ताटं घेऊन परत आले.

रॉइसनं घड्याळ दाबलं.

व्हर्लिननं दोन्ही हातांनी नेम धरला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं अंगठ्यानं घोडा मागे ओढला. जुन्या माणसांची ती पद्धतच. घोडा मागे ओढला की तो मागेच थांबतो, मग चाप नुसता बोटानं स्पर्श करण्याइतका हलका होतो. पण या रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे गेला आणि आपला आपण पुढे येऊन बसला.

व्हर्लिननं पुन्हा ओढला. पुन्हा पुढे.

पुन्हा ओढला. पुन्हा पुढे.

"मोडलं!" व्हर्लिन ओरडला. नेम जागचा हलला नव्हता, हे मात्र त्याचं कौतुक. "हॅडली, हे मोडकं दिलंस! मी ऑगस्टमध्येच म्हटलं होतं!"

"त्याचा घोडा आत असतो!" हॅडली हसू आवरत ओरडला. "बाहेरची नुसती कळ आहे! ती परत पुढे येणारच! वर लाल ठिपका दिसतोय का? म्हणजे तयार आहे!"

"कसला ठिपका? चष्मा जवळचा नाहीये माझा!"

"वेळ चाललीय हं, वेळ," रॉइस अगदी आनंदानं म्हणाला.

"व्हर्लिन!" पिंपामागून आर्डिसचा आवाज आला. शाळेच्या बसमध्येही असा आवाज कधी निघाला नसेल. "मत नंतर दे! चाप ओढ!"

व्हर्लिननं ओढला. म्हणजे ओढायचा विचार केला, तेवढ्यानंच गोळी सुटली. पहिली थाळी धाडकन आडवी. पाडणाऱ्याचा चेहरा असा, की थाळीनंच त्याला धक्का दिलाय. लोकांच्या ताटांतल्या शेंगा सांडल्या. मग त्यानं रिव्हॉल्व्हरकडे बघितलं, नळीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. उसळलंच नव्हतं. तशीच्या तशी नळी पुढच्या थाळीवर रोखलेली.

"अरे, हे हलत नाही!" तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.

राहिलेल्या पाचांतल्या त्यानं तीन पाडल्या, दोन चुकल्या. रिकामं करून पिंपावर ठेवलं आणि बाजूला झाला.

आर्डिसनं उचललं. भरताना बोटं जरा अडखळली. ऑपरेशननंतर ती तशीच अडखळतात. मग ती उभी राहिली, कोपर नेहमीसारखंच खाली. व्हर्लिननं तोंड उघडलं, सगळ्या गावानं ते उघडलेलं बघितलं, आणि त्यानं ते मिटलं. हे मात्र आजपर्यंत कुणी बघितलं नव्हतं.

एक. दोन. तीन. थाळ्या अशा पडत होत्या, की कुणीतरी मागून ढकलतंय. चौथी पडली तेव्हा लोक ओरडायला लागले. पाचवीला हॅडली उड्या मारत होता. सहावी पडली, आणि आर्डिसनं रिव्हॉल्व्हर रिकामं करून ठेवलं, कानांवरच्या टोप्या उतरवल्या, आणि उजवा हात गोल गोल फिरवून बघितला. एकदा. परत एकदा. मग हसायलाच लागली. थांबेना.

व्हर्लिनच्या घोड्याच्या खटाटोपामुळे त्यांचा नंबर खालून दुसरा आला. खालून पहिलं जोडपं भर स्पर्धेत भांडून निघून गेलं होतं.

शेंगांच्या पातेल्याशी रॉइसनं त्याला गाठलं. भोवती सगळे जमलेच. "हां, व्हर्लिन. आता गावाला मत हवंय. हातात घेतलंस, मारलंस. सांग."

व्हर्लिननं ताट खाली ठेवलं. तिकडे आर्डिस एका बाईला हात दाखवत होती, ज्यानं त्यानं तिचा तो हात हलवून अभिनंदन करावं म्हणून पुढे करत होती. दोन वर्षं तो हात ती पदराआड ठेवावा तसा खिशात ठेवायची.

"दिसायला भयंकर आहे," व्हर्लिन म्हणाला. "त्यात बदल नाही. ज्यानं बनवलं त्याला डोळे नसावेत." मग घसा खाकरला. "पण त्याला मनगट कळतं. मी चुकलो. न मारता बोललो आणि चुकलो. बास? आता खाऊ द्या."

स्पर्धा संपल्यावर रेंज मोकळी झाली. आर्डिस परत पिंपाशी येऊन मारायला लागली होती. व्हर्लिन बराच वेळ शेजारी उभा राहून बघत होता.

"मला एकदा दे ना. त्या घोड्याचं नीट बघतो."

"डबा संपू दे."

डबा संपला. तिनं हात पुढे केला, रिव्हॉल्व्हर द्यायला नव्हे. "आणखी आहेत?"

"ट्रकमध्ये आणलेत मी."

"मग उभा काय राहिलास?"

व्हर्लिन निघाला. ट्रक काही लांब नव्हता. पण वाटेत त्याला पाद्री भेटला, मग बँकेचा साहेब भेटला, मग कुणाचे तरी परगावचे पाहुणे भेटले. आणि प्रत्येकाला थांबवून, तळहातावर बोट आपटून, तो समजावून सांगत होता की नळी खालीच का असायला हवी, आणि इतकी वर्षं ती वर लावणाऱ्यांना काय म्हणावं. पाहुणे सरळ होऊन ऐकत होते. शेवटी आर्डिसनंच स्वतः जाऊन ट्रकमधून काडतुसं काढली, आणि त्याच्या बाजूनं परत जाताना त्याची बाही धरून त्याला रेंजकडे ओढत नेलं, उजव्या हातानं.